क्लिनिकल चाचणीचं वेळापत्रक इतर प्रोजेक्टसारखं मांडू नका

सॉफ्टवेअरचे किंवा बांधकामाचे प्रोजेक्ट सांभाळलेल्याला चाचणीतली साधनं ओळखीचीच असतात: गँट चार्ट, बजेट, जोखमींची नोंदवही. ती तशीच वापरा. फरक पडतो तो काम मागे पडल्यावर.

इतरत्र माणसं वाढवून थोडाफार वेळ भरून काढता येतो. इथे २४ आठवड्यांचा उपचार २४ आठवडेच चालणार. हातात उरते ती सहभागींची भरती, म्हणून आकडेमोड तिथूनच सुरू करा. समजा २४० सहभागी हवेत आणि स्क्रीनिंगमध्ये, म्हणजे पात्रतेच्या तपासणीत, ४० टक्के गळतात. म्हणजे ४०० जणांना तपासावं लागेल. साइट, म्हणजे चाचणी चालते ती रुग्णालयं, २०, प्रत्येकी महिन्याला २ सहभागी, म्हणजे सहा महिने असं कागदावर दिसतं. पण एथिक्स कमिटीची (सहभागींचे हक्क आणि सुरक्षितता जपणारी समिती) मंजुरी आणि करार प्रत्येक ठिकाणी वेगळ्या वेळी होतात. महिन्याला ४ साइट सुरू झाल्या तर भरतीला आठ महिने लागतात. पुढे शेवटच्या सहभागीचे २४ आठवडे, मग क्वेरी (नोंदींतल्या शंका) मिटवणं आणि डेटाबेस लॉक, म्हणजे त्यानंतर डेटात बदल बंद. साइटने तोंडी सांगितलेला भरतीचा आकडा धरू नका. निकषांत बसणारे किती रुग्ण गेल्या वर्षी खरोखर आले, ते नोंदींतून काढून मागा. बहुतेक वेळापत्रकं इथेच फसतात.

दुसरा फरक बदलांचा. ग्राहकाचा होकार इथे पुरत नाही. प्रोटोकॉलमधली, म्हणजे चाचणीच्या लेखी आराखड्यातली, दुरुस्ती एथिक्स कमिटीच्या, आणि लागू असेल तिथे नियामकाच्या, मंजुरीआधी अमलात आणता येत नाही. अपवाद फक्त सहभागीवरचा तातडीचा धोका टाळण्याचा. दुरुस्तीमुळे संमतीपत्र बदललं, तर चालू सहभागींचीही पुन्हा संमती घ्यावी लागू शकते. यासाठी पात्रतेचे निकष मसुद्यातच दोन-तीन साइटच्या डॉक्टरांना दाखवा. एक अनावश्यक रक्ततपासणी काढली तरी भरती सुटसुटीत होते.

गंभीर प्रतिकूल घटना संशोधकाने स्पॉन्सरला, म्हणजे चाचणी करवून घेणाऱ्या कंपनीला किंवा संस्थेला, ताबडतोब कळवायची. बहुतेक प्रोटोकॉल २४ तास देतात. औषधामुळे झाल्याचा संशय असलेली अनपेक्षित प्रतिक्रिया जीवघेणी असेल, तर आयसीएचच्या (औषधांसाठीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना) नियमानुसार स्पॉन्सरला नियामकाकडे ७ दिवसांत पोहोचावं लागतं, अशा इतर गंभीर अनपेक्षित प्रतिक्रियांसाठी १५. हे कॅलेंडरचे दिवस आहेत, सुट्ट्या धरून. रजेवर जाणाऱ्याच्या जागी कोण, हे आधीच लेखी ठरवा.

ट्रायल मास्टर फाइल, म्हणजे चाचणीच्या आवश्यक कागदपत्रांचा संच, शेवटी भरायला ठेवू नका; दर महिन्याला तपासा. राहिलेल्या कागदावर मागची तारीख कधीही घालू नका: आजची तारीख, सही आणि उशिराचं कारण लिहा.