मोठ्या माणसांना कॅथलिक श्रद्धेची ओळख करून देताय? या चुका टाळा

उपवासकाळ (ईस्टरआधीचे चाळीस दिवस) तोंडावर आला की आपल्याकडच्या चर्चांमधे एक ठरलेली धावपळ सुरू होते. कुणीतरी येऊन म्हणतं, "फादर, आमच्या होणाऱ्या सुनेचा बाप्तिस्मा ह्या ईस्टरला करून टाकूया की." ती मुलगी अजून मिस्साला (चर्चमधल्या रविवारच्या उपासनेला) दोनदासुद्धा आलेली नसते, तिचं मन कुणी विचारलेलं नसतं, आणि राखेचा बुधवार, म्हणजे उपवासकाळाचा पहिला दिवस, आठवड्यावर आलेला असतो. बेळगाव, खानापूर, निपाणी ह्या पट्ट्यात मोठ्या माणसांच्या तयारीत मी मदत करत आलोय आणि जे बिघडतं त्यातलं बहुतेक ह्या घाईतूनच बिघडतं असं माझं ठाम मत आहे. म्हणून हे लिहितोय, फादर-सिस्टरांबरोबर शिकवणाऱ्यांसाठी, गॉडपेरेंट (नव्या माणसाला ह्या वाटेवर सोबत करणारा) व्हायला हो म्हटलेल्यांसाठी, आणि जे स्वतः यायचा विचार करतायत त्यांच्यासाठी पण.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे ह्याला ट्यूशन समजणं. दहा रविवार क्लास, प्रार्थना पाठ, तोंडी परीक्षा, मग पाणी. चर्चने हे असं कधी सांगितलेलंच नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (जगभरच्या बिशपांच्या सभेने) मोठ्यांची दीक्षा पुन्हा टप्प्याटप्प्याने करा असं १९६३ मधे सांगितलं आणि त्याप्रमाणे ६ जानेवारी १९७२ ला नवा विधी निघाला. त्यात चार काळ आहेत. आधी नुसत्या चौकशीचा काळ, प्रश्न विचारा, ऐका, कुठलंही बंधन नाही. मग दीक्षार्थीचा (बाप्तिस्म्याची तयारी करणाऱ्याचा) काळ, हा सगळ्यात लांब, वर्षभर चालू शकतो, जास्त पण. मग उपवासकाळातली शुद्धीकरणाची तयारी, आणि ईस्टरच्या रात्री बाप्तिस्मा, दृढीकरण (पवित्र आत्म्याच्या वरदानाचा संस्कार) आणि पवित्र कम्युनियन (मिस्सात मिळणारी पवित्र भाकर) ही तिन्ही एकत्र मिळाल्यावर पेन्टेकॉस्टपर्यंतचा (ईस्टरपासून पन्नासाव्या दिवशीच्या सणापर्यंतचा) चौथा काळ. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी पहिला आणि चौथा काळ गाळूनच टाकतात, आणि माणसं टिकत नाहीत ती नेमकी त्यामुळेच.

चौकशीच्या काळात ऐकायचं असतं हे लक्षात ठेवा. माणूस का आलाय ते त्याच्या तोंडून येऊ द्या. आपल्या भागात पुष्कळ जण नोव्हेनाला (नऊ वेळा करायच्या प्रार्थनेला) येऊन येऊन ओळखीचे झालेले असतात, कुणी आजारपणात नवस बोललेला असतो, कुणी शाळेत सिस्टरांकडे शिकलेलं असतं आणि ते मनात राहिलेलं असतं. नवसावरून आलेल्याला "हे कारण चालत नाही" म्हणून परत पाठवू नका, आणि "अगदी बरोबर जागी आलात, आता बरे व्हाल" असं तर अजिबात म्हणू नका. बरं होण्याचं वचन द्यायचा अधिकार आपल्याला नाही. त्याला शुभवर्तमान (बायबलमधली येशूची कथा) वाचायला द्या, मार्कचं द्या, लहान आहे, आणि पुढच्या वेळी विचारा की काय वाटलं. ह्या एका प्रश्नावर मी माणसांना तासभर बोलताना बघितलंय.

नवीन माणूस दारात चपला काढून आत येतो आणि मग बघतो की सगळे बूट घालून बसलेत, तो मागे भिंतीला टेकून उभा राहतो, कधी उठायचं कधी गुडघे टेकायचे कळत नाही, सगळे कम्युनियनला रांगेत निघाले की हा पण निघतो. इथे कुणीतरी शेजारी बसायला हवं! आधीच सांगायला हवं की कम्युनियन बाप्तिस्म्यानंतर. रांगेत पोचल्यावर सगळ्यांसमोर परत पाठवलेली माणसं पुन्हा येत नाहीत.

आता लग्न. ह्यावर जरा जास्त लिहितो कारण आपल्याकडच्या अर्ध्या भानगडी इथेच आहेत. मुलगा कॅथलिक, मुलगी मराठा किंवा लिंगायत घरातली (किंवा उलटं), हॉल बुक, केटरर ठरला, आणि मग सगळ्यांना वाटतं की बाप्तिस्मा झाल्याशिवाय चर्चमधे लग्नच होत नाही. हे खरं नाही. बाप्तिस्मा न झालेल्या व्यक्तीशी लग्न करायचं असेल तर बिशपांकडून सूट घेता येते, कॅनन लॉच्या (चर्चच्या कायद्याच्या) १०८६ व्या कलमात ते आहे. कॅथलिक जोडीदाराने आपली श्रद्धा जपायचं आणि मुलांना कॅथलिक म्हणून वाढवायला आपल्याकडून होईल ते सगळं करायचं वचन द्यायचं, आणि दुसऱ्या बाजूला ह्या वचनाची पूर्ण कल्पना द्यायची. दुसऱ्या बाजूने धर्म बदलायची अट नाही. हे पहिल्याच भेटीत, दोघांना समोर बसवून, घरच्यांसमोर सांगा. कितीतरी मुलींच्या चेहऱ्यावरचा ताण तिथेच उतरतो. मग तिला खरंच यायचं असेल तर ती लग्नानंतर वर्षाने, दोन वर्षांनी, आपल्या पायाने येईल, आणि ते येणं फार वेगळं असतं.

लग्नाच्याच बाबतीत दुसरी एक गोष्ट उशिरा विचारली जाते, ती म्हणजे आधीचं लग्न. दीक्षार्थीचं किंवा त्याच्या आत्ताच्या जोडीदाराचं आधी लग्न झालेलं, मोडलेलं, पुन्हा झालेलं असं काही असेल तर ते पहिल्या महिन्यात फादरांच्या कानावर जायला पाहिजे, कारण ते बिशपांच्या ऑफिसातून सोडवायला वेळ लागतो. ईस्टरच्या आधी चार दिवस हे बाहेर आलं की त्या माणसाला थांबायला सांगावं लागतं आणि त्याला वाटतं मला नाकारलं. प्रेमाने विचारा, एकट्याला विचारा, पण आधी विचारा.

भाषेचं पण बघा. आपल्या धर्मप्रांतात कोकणी, मराठी, कन्नड, इंग्रजी चारही चालतात, पण पुस्तकं आणि व्हिडिओ इंग्रजीत सहज मिळतात म्हणून मराठी शाळेत शिकलेल्या माणसाला पण इंग्रजीतूनच शिकवलं जातं. तो मान डोलवतो. त्याला काही कळत नसतं. खानापूरकडच्या एका काकूंना आम्ही प्रेषितांचा विश्वासांगीकार (आपण काय मानतो ते सांगणारी प्रार्थना) इंग्रजीतून मराठीत आणून, एकेक ओळ वहीत लिहून दिला, त्या रोज भाकऱ्या थापताना एक ओळ म्हणायच्या, आणि "पोंतिय पिलाताच्या वेळी" ह्या ओळीला थांबून विचारलं, हा पिलात कोण, आणि त्याचं नाव आपल्या प्रार्थनेत कशाला? इतका चांगला प्रश्न क्लासमधे कुणी विचारला नव्हता, आणि त्यावरून येशूवरचा खटला, क्रूस, खरोखर घडलेला इतिहास असं सगळं बोलणं निघालं. आपल्या भाषेत ही परंपरा जुनी आहे, फादर थॉमस स्टीफन्स ह्या इंग्रज जेज्वित धर्मगुरूंनी गोव्यात १६१६ साली नवख्रिस्ती लोकांसाठी ख्रिस्तपुराण छापलं ते मराठी ओव्यांत. चारशे वर्षांपूर्वी जे जमलं ते आज आपल्याला जमायला काय हरकत आहे? माणूस घरात कन्नड बोलत असेल तर कन्नडमधून शिकवणारा शोधा, मराठीचा आग्रह तिथे धरू नका.

घरच्या देवांबद्दल वाईट बोलू नका, कधीच नाही. येणाऱ्या माणसाची आई सौंदत्तीच्या यल्लम्माला चालत जाते, भाऊ वारीला जातो, गल्लीतल्या गणपतीत तो स्वतः लहानपणापासून आरतीला उभा राहिलाय, आणि तुम्ही ते सगळं खोटं-सैतानी म्हणालात तर तुम्ही त्याच्या आईला शिवी दिलीत. चर्चने स्वतः २८ ऑक्टोबर १९६५ च्या जाहीरनाम्यात म्हटलंय की ह्या धर्मांमधे जे खरं आणि पवित्र आहे ते चर्च नाकारत नाही. मग प्रसादाचं काय, आरतीचं काय, हा प्रश्न येतोच, दर गणपतीला येतो. माझं सांगणं असं असतं: घरी जा, आईला मोदकांना मदत करा, पाहुण्यांचं बघा, मोठ्यांच्या पाया पडा. पूजा आणि नवस आपण एका देवाकडे वळवतोय हे हळूहळू मनात पक्कं होऊ दे आणि बाप्तिस्म्याआधी त्याबद्दल फादरांशी मोकळं बोला. खाण्याबद्दल पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राचा आठवा अध्याय एकत्र बसून वाचा, तिथे समोरच्याच्या मनाला ठेच लागू नये हा विचार किती बारकाईने केलाय ते बघा. घरात भांडण करून आलेल्या दीक्षार्थीपेक्षा घरच्यांना सांगून, थोडं थांबून आलेला बरा.

नावाचंही असंच. नाव बदलावंच लागतं असा एक समज आहे. कॅनन लॉचं ८५५ वं कलम एवढंच म्हणतं की नाव ख्रिस्ती भावनेला परकं नसावं. सुनंदा सुनंदाच राहू शकते.

कायद्याकडे दुर्लक्ष ही चूक आता परवडणारी नाही. कर्नाटकात २०२२ साली धर्मांतराबद्दलचा कायदा आला, त्यात दबाव, फसवणूक, आमिष, लग्नाचं वचन ह्यातून झालेलं धर्मांतर गुन्हा ठरवलंय, आणि धर्म बदलणाऱ्याने तसंच विधी करणाऱ्याने किमान ३० दिवस आधी जिल्हाधिकाऱ्यांना कळवायची तरतूद आहे. २०२३ मधे नव्या मंत्रिमंडळाने तो रद्द करायचं ठरवलं, पण मंत्रिमंडळाने ठरवणं वेगळं आणि विधिमंडळात रद्द होणं वेगळं, म्हणून व्हॉट्सॲपवरच्या बातमीवर जाऊ नका, तारीख ठरवायच्या आधी वकिलाकडून आजची स्थिती विचारून घ्या. आणि अनुसूचित जातीतल्या माणसाला हे स्पष्ट सांगा की १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार हिंदू, शीख आणि बौद्ध सोडून इतर धर्मात गेल्यावर तो दर्जा राहत नाही, म्हणजे नोकरी, शिष्यवृत्ती सगळ्यावर परिणाम होतो. हे लपवून बाप्तिस्मा देणं म्हणजे फसवणूकच, मग हेतू कितीही चांगला असो. आपल्या संस्थेत ॲडमिशन, हॉस्पिटलात सवलत, रेशन असलं काहीही ह्या तयारीच्या क्लासशी जोडू नका. कॅनन लॉच्या ७४८ व्या कलमात सरळ लिहिलंय की कुणालाही त्याच्या विवेकाविरुद्ध कॅथलिक श्रद्धा स्वीकारायला भाग पाडू नये. मी स्वतः प्रत्येकाला सांगतो की तुम्ही कुठल्याही टप्प्यावर थांबू शकता, आणि थांबलात तरी चहाला या.

जो आधीच ख्रिस्ती आहे त्याला पुन्हा बाप्तिस्मा देऊ नका. आपल्याकडे जुनी मेथडिस्ट (एका प्रोटेस्टंट पंथाची) घरं भरपूर आहेत, त्यांचा पाण्याने आणि पिता, पुत्र, पवित्र आत्मा ह्या नावाने झालेला बाप्तिस्मा चर्च मानतं. त्यांनी विश्वास जाहीर करायचा, आधी कुमसार (फादरांपुढे पापांची कबुली), मग दृढीकरण आणि कम्युनियन, आणि त्यासाठी ईस्टरपर्यंत थांबायची पण गरज नाही. बाप्तिस्म्याचा दाखला मात्र मागवा. फक्त येशूच्या नावाने बाप्तिस्मा झालाय असं कुणी म्हणालं तर फादरांना सांगा, ते वेगळं प्रकरण आहे.

गॉडपेरेंट निवडताना श्रीमंत काका, दुबईचा मित्र असं करू नका. १६ वर्षं पूर्ण, स्वतः दृढीकरण घेतलेला, श्रद्धेने जगणारा कॅथलिक पाहिजे, आई-वडील चालत नाहीत. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे तो दर रविवारी शेजारी दिसला पाहिजे. दीक्षार्थी म्हणून स्वीकारण्याचा विधी ज्यांनी बघितलाय त्यांना कळेल मी काय म्हणतोय: चर्चच्या दारात कपाळावर क्रूसाची खूण करतात, मग कानांवर, डोळ्यांवर, ओठांवर, छातीवर, खांद्यांवर, आणि त्या खुणा करायला गॉडपेरेंट किंवा कॅटेकिस्टही (श्रद्धा शिकवणाराही) हात लावतो. ज्याने तुमच्या डोळ्यांवर क्रूस काढला तो पुढच्या रविवारी फोन पण उचलत नसेल तर काय उपयोग. हा विधी छोट्या खोलीत उरकू नका, भर मिस्साला करा, लोकांना कळू दे कोण येतंय. आणि उपवासकाळाच्या तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या रविवारची शुभवर्तमानं (शोमरोनी बाई, जन्मांध माणूस, लाजर) त्यांच्यासाठी आहेत, प्रवचनात ते आलं पाहिजे, फादरांना आठवण करा.

अडचण आली तर काय, असं विचारतात, म्हणून दोन गोष्टी. दीक्षार्थी गंभीर आजारी पडला तर ईस्टरची वाट बघू नका, फादरांना बोलवा, आणि मरणाची वेळ आली आणि फादर पोचत नसतील तर कुणीही योग्य हेतूने पाणी ओतून पिता, पुत्र, पवित्र आत्मा ह्या नावाने बाप्तिस्मा देऊ शकतं. बाप्तिस्म्याआधीच गेला तरी दीक्षार्थीला चर्चमधून अंत्यविधी मिळतो, घरच्यांना हे आधी सांगून ठेवा. दुसरं, वर्गात येणारा मधेच यायचा बंद झाला तर मेसेज नको, घरी जा. बहुतेक वेळा कामाची शिफ्ट बदललेली असते किंवा सासू आजारी असते, श्रद्धेचा प्रश्न नसतोच.

आणि ईस्टरनंतर सोडून देऊ नका हो! त्या रात्री सगळे फोटो काढतात, केक कापतात, आणि पुढच्या रविवारी तो नवीन माणूस पुन्हा मागच्या बाकावर एकटा. पेन्टेकॉस्टपर्यंतचे रविवार त्यांना पुढच्या बाकावर गॉडपेरेंटबरोबर बसवा. पहिला कुमसार करायला सोबत जा, बाहेर बसा. वॉर्डातल्या जपमाळेला घरी बोलवा, त्यांच्या घरी पण ठेवा, शेजारच्या हिंदू घरांना सुद्धा चहाला बोलवून. मराठी मिस्सात वाचनाची पाळी द्या, कॉयरमधे गाता येत असेल तर घ्या. वर्षभर महिन्यातून एकदा जुना गट भेटू दे, त्यात शिकवणं नको, ह्या महिन्यात प्रार्थना जमली का, घरी काय म्हणाले, एवढंच विचारा.