पहिल्या घरासाठी नॉनस्टिक भांडी: कशी घ्यावीत, कशी टिकवावीत

नव्या खोलीत पहिल्यांदा स्वयंपाक सुरू करणाऱ्यांना नॉनस्टिकबद्दल एकच सल्ला मिळतो: लाकडी चमचा वापरा, चरे पडू देऊ नका. सल्ला चुकीचा नाही, पण सगळं लक्ष चऱ्यांकडे जातं आणि खरं कारण राहून जातं. गेल्या बारा-तेरा वर्षांत मी स्वतःच्या, धाकट्या बहिणीच्या आणि तीन भाचरांच्या पहिल्या स्वयंपाकघराची भांडी घेतली आहेत. त्यातले जे तवे फुकट गेले, त्यातला एकही चऱ्यांनी गेला नाही. सगळे आचेने गेले. म्हणून या लेखात आचेवर जास्त लिहिलंय, बाकीचं थोडक्यात.

१. सेट घेऊ नका

तीन भांडी, एक झाकण आणि वर नायलॉनचं उलथनं फुकट, असा सेट दिसला की हात पुढे जातो. घेऊ नका. तेवढ्याच पैशात एक जाड, चांगला तवा येतो, आणि सेटमधली पातळ कढई तुम्ही फारशी वापरणारही नाही. एकट्या-दुकट्या माणसाला २५-२६ सेंटिमीटरचा एक तवा पुरतो. अंडी जास्त होत असतील तर पुढच्या महिन्यात २० सेंटिमीटरचा एक खोलगट पॅन घ्या. पोळी-भाकरीला लोखंडी तवा, भाजीला लोखंडी किंवा जाड बुडाची स्टीलची कढई आणि एक कुकर. एवढ्यावर घर चालतं. नॉनस्टिक हे फक्त चिकटणाऱ्या पदार्थांसाठी: घावन, धिरडं, डोसा, ऑम्लेट, पनीर, मासळीचे नाजूक तुकडे.

२. दुकानात काय बघायचं

तुळशीबागेत घ्या, भुलेश्वरला घ्या किंवा गावातल्या भांड्यांच्या दुकानात घ्या, पण पहिला तवा हातात धरून घ्या. सगळ्यात आधी जाडी. तवा निदान ३ मिलिमीटर जाड हवा, ४ असेल तर उत्तम. पातळ तव्याला आच एकाच जागी लागते आणि तो लवकर वाकतो. वेष्टनावर जाडी लिहिलेली नसेल तर कडेवरून बोट फिरवा आणि दोन तवे दोन हातांत धरून वजन बघा, फरक लगेच कळतो.

मग बूड. काचेच्या काउंटरवर तवा ठेवून कडेला बोटाने दाबा. डुगडुगला तर परत द्या. इंडक्शन शेगडी असेल तर खिशात फ्रिजवरचं लोहचुंबक घेऊन जा. बुडाला घट्ट चिकटलं तरच तो तवा इंडक्शनवर चालेल. मूठ हलवून बघा. २०२४ मध्ये केंद्र सरकारने स्टीलच्या आणि अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं करणारा आदेश काढला, म्हणून ते चिन्ह शोधा.

आता वेष्टनावरच्या मोठ्या अक्षरांबद्दल. 'ग्रॅनाइट', 'मार्बल', 'डायमंड' ही बहुतेक वेळा ठिपक्याठिपक्यांच्या रंगाची नावं आहेत. खाली नेहमीचाच पीटीएफई, म्हणजे आपण ज्याला टेफ्लॉन म्हणतो तो लेप असतो. ठिपक्यांसाठी दोनशे रुपये जास्त देऊ नका. सिरॅमिकचा लेप खरोखर वेगळा असतो, वाळूतल्या सिलिकापासून बनवलेला. आच तो जास्त सोसतो, पण त्याचा निसरडेपणा टेफ्लॉनपेक्षा लवकर संपतो, असा माझ्या तिन्ही सिरॅमिक पॅनचा अनुभव आहे. पहिल्या घरासाठी मी तो सुचवत नाही. 'पीएफओए नाही' असं लिहिलेलं असतं, ते बघूनच घ्या. पीएफओए हे लेप तयार करताना वापरलं जाणारं रसायन होतं. ते घातक ठरल्यामुळे २०१९ मध्ये स्टॉकहोम कराराच्या, म्हणजे घातक रसायनांवर बंदी-निर्बंध घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत गेलं. आजीच्या माळ्यावरचा वीस वर्षांपूर्वीचा नॉनस्टिक तवा फुकट मिळतोय म्हणून आणू नका, तो याच कारणाने.

३. आणल्यावर

कोमट पाणी आणि साबणाने धुवा, पुसा, तेलाचं बोट फिरवा. झालं.

४. आच

इथे थांबून वाचा.

मी कोकणातल्या घरात बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या तव्यावर घावन घालायला शिकले. आईची पद्धत ठरलेली. तवा मोठ्या आचेवर चांगला धुरावर येऊ द्यायचा, पाण्याचा शिपका मारायचा, थेंब चर्रकन उडाले की अर्धा कांदा तेलात बुडवून तव्यावर फिरवायचा आणि मग पीठ. पुण्यात आल्यावर पहिला नॉनस्टिक तवा घेतला आणि त्यावर हेच केलं. पहिला महिना सोन्यासारखा गेला. दुसऱ्या महिन्यात मधोमध बशीएवढ्या जागेत घावन धरायला लागलं. कडेने सुटायचं, मध्ये फाटायचं. चौथ्या महिन्यात तवा कपाटात गेला. लाकडी उलथन्याशिवाय काही लावलं नव्हतं, चरा एकही नव्हता, म्हणून माल खराब निघाला असं समजून दुकानदाराशी वाद घालून आले. दुसरा तवा महाग घेतला. तोही सहा महिन्यांत तसाच.

तो दुसरा तवा एकदा खिडकीशी तिरपा धरला तेव्हा दिसलं. सगळा लेप चकचकीत, फक्त मधला गोल निस्तेज, किंचित तपकिरी. तवा शेगडीवर ठेवून बघितला. तो गोल बरोबर बर्नरच्या ज्योतींच्या कड्याएवढा होता. माझा हात बिडाचा तवा तापवत होता, आणि समोर बीड नव्हतं.

बीड जाड आणि जड असतं, सावकाश तापतं, आणि त्याला आधी तापवावंच लागतं. अ‍ॅल्युमिनियमला आच फार लवकर लागते. रिकामा नॉनस्टिक तवा मोठ्या आचेवर ठेवला तर काही मिनिटांतच २६० अंश सेल्सिअसच्या पुढे जातो, आणि टेफ्लॉनसाठी साधारण तीच सुरक्षित मर्यादा मानतात. ३२७ अंशांच्या आसपास टेफ्लॉन वितळतो, आणि ३५० च्या पुढे त्याचा वायू व्हायला लागतो. त्या वाफांनी माणसाला थंडी-तापासारखा त्रास होतो आणि पिंजऱ्यातले पक्षी मरतात. घरात पोपट किंवा लव्हबर्ड असतील तर स्वयंपाकघराजवळ पिंजरा ठेवू नका. घावन-डोशाला १८० अंशांच्या आसपासची उष्णता भरपूर होते.

लेपाला आच का सोसत नाही, हे समजलं की हात आपोआप सावध होतो. १९३८ मध्ये अमेरिकेत रॉय प्लंकेट या रसायनतज्ज्ञाला गॅसच्या बंद नळकांड्यात एक पांढरी, मेणासारखी भुकटी सापडली, ते टेफ्लॉन. त्याला काहीच चिकटत नाही, म्हणजे तो स्वतःही कशाला चिकटत नाही! तो अ‍ॅल्युमिनियमवर बसवण्याची युक्ती मार्क ग्रेगवार या फ्रेंच अभियंत्याला १९५४ च्या सुमारास साधली. धातूचा पृष्ठभाग खडबडीत करून लेप त्या खाचांत अडकवायचा. म्हणजे तुमच्या तव्यावरचा लेप नुसता धरून बसलेला असतो. पुन्हापुन्हा जास्त तापवलं की ती पकड सुटत जाते, आधी ज्योतींच्या वरच्या गोलात आणि मग सगळीकडे.

तर असं करा.

तवा थंड असतानाच पाव चमचा तेल घाला आणि कापडाच्या बोळ्याने पसरा. लहान बर्नर पेटवा. आपल्या गॅसचं बटण फिरवलं की आधी मोठी आच येते आणि आणखी फिरवलं की बारीक होते. पेटवल्यावर हात तिथेच थांबतो, ही सवय मोडा. पेटलं की लगेच बारीक ते मध्यम करा आणि मगच तवा ठेवा. ज्योत बुडाच्या बाहेर आलेली दिसता कामा नये.

पाण्याचा शिपका मारून बघू नका. नॉनस्टिकवर पाणी थंड असतानाही मोत्यासारखं गोळा होऊन घरंगळतं, त्यावरून तापल्याचं काहीच कळत नाही. तेलाकडे बघा. दीड-दोन मिनिटांनी तवा तिरपा केला की तेल पाण्यासारखं पातळ होऊन पळतं. तेव्हा पिठाचा एक थेंब टाका. हलकं चुरचुरून चार-पाच सेकंदांत तो बसला की तवा तयार. थेंब पडताक्षणी फोड येऊन तपकिरी झाला तर तवा अर्धा मिनिट खाली उतरवा. तेलाचा धूर दिसला तर उशीर झालाय. गॅस बंद करा, खिडकी उघडा, तवा तसाच निवू द्या.

सगळ्यात धोक्याची वेळ म्हणजे दोन घावनांमधली. तव्यात पीठ असतं तोवर त्यातलं पाणी आच खेचून घेतं आणि तवा ताब्यात राहतो. घावन काढून ताटात वाढलं, चटणी घातली, कुणाशी दोन शब्द बोललात की रिकामा तवा तेवढ्यात भडकतो. पहिलं काढलं की दुसरं लगेच घाला. जमणार नसेल तर बटण बंद. फोन घ्यायला जाताना, दूधवाल्याला दार उघडायला जाताना, प्रत्येक वेळी बंद. हा माझा घरातला एकमेव कडक नियम आहे, आणि त्यामुळे माझा आताचा तवा साडेतीन वर्षं झाली तरी अंडं सोडतो.

इंडक्शनवाल्यांनी जास्त जपा. खाली कॉइल लहान असते, मधला भाग झपाट्याने तापतो आणि ज्योत दिसत नसल्यामुळे अंदाज येत नाही. डोशाचं आयतं बटण दाबलं की बऱ्याच शेगड्या एकदम मोठ्या वॉटवर सुरू होतात. ते बटण विसरा. हाताने ४००-६०० वॉटवर सुरू करा, मग हवं तेवढं वाढवा.

आणि काही गोष्टी नॉनस्टिकवर नाहीतच. भाकरी नाही, तिला लोखंडी तव्याची आच लागते. फुलके नाहीत, पापड नाही, रिकाम्या तव्यावर मिरच्या-खोबरं भाजणं नाही. मोहरी तडतडायची फोडणी कढल्यात करून वरून ओता. दाण्यांसाठी, रव्यासाठी कढई आहेच.

५. चिकट थर

चार-पाच महिन्यांनी तवा पुन्हा धरायला लागला, तर लेप गेला असं लगेच समजू नका. घावन पोहोचत नाही त्या कडेच्या पट्टीत तेल पसरलेलं असतं. तिथे ते दर वेळी तापून मधासारखं पिवळं आणि चिकट होतं. स्वच्छ धुतल्यावरही बोट फिरवलं की तिथे अडखळतं. हा तेलाचाच थर आहे. वरून आणखी तेल घातलं तर वाढतो.

तव्यात पाणी घाला, त्यात दोन चमचे खायचा सोडा, बारीक आचेवर दहा मिनिटं उकळू द्या, तसंच निवू द्या, मग मऊ कापडाने गोल-गोल पुसा. पिवळं पाणी निघेल. एकदा पुरलं नाही तर दुसऱ्या दिवशी पुन्हा. भाचीचा तवा भंगारात निघाला होता, तो दोन वेळा असा उकळल्यावर परत वर्षभर चालला. पुढे हा थर येऊच नये म्हणून तेल फक्त घावनाएवढ्या जागेत लावा.

६. धुणं आणि ठेवणं

गरम तवा नळाखाली धरू नका. चर्र होतं तेव्हाच बूड वाकतं, आणि वाकलेल्या तव्यावर तेल कडेला पळतं. पूर्ण निवल्यावर मऊ स्पंज किंवा घोसाळ्याची घासणी. तारेची घासणी, हिरवी घासणी, राख, भांड्यांची पावडर नाही. घरी भांड्यांना मावशी येत असतील तर तो तवा त्यांच्या ढिगात ठेवूच नका. इतक्या घरांची भांडी घासताना प्रत्येक तव्यासाठी वेगळी घासणी शोधायला त्यांना वेळ नसतो, आणि मग बोलणी त्यांनाच बसतात. तव्याचं काम एक मिनिटाचं आहे, आपलं आपण करावं. चिंचेचं, टोमॅटोचं, मिठाचं काही रात्रभर त्यात ठेवू नका. एकावर एक रचायचे असतील तर मध्ये जुनं सुती कापड. मूठ स्क्रूची असेल तर महिन्यातून एकदा घट्ट करा.

७. कधी काढून टाकायचा

सोडा लावूनही मधला गोल धरत असेल, किंवा लेपाचे पापुद्रे निघून खालचा पांढरा धातू दिसत असेल, तर तवा संपला. पोटात गेलेला लहानसा पापुद्रा पचत नाही, तसाच बाहेर पडतो, त्याने घाबरून जाऊ नका. पण उघड्या अ‍ॅल्युमिनियमवर चिंच-टोमॅटो शिजवू नये. 'पोळ्यांना होईल' म्हणून ठेवूही नका, पोळ्यांची आच त्याला आणखी सोलते. मूठ काढून भंगारवाल्याला द्या. अ‍ॅल्युमिनियम तो वजनावर घेतो.