चार चाकांचा वॉकर: आधी दोन्ही ब्रेक, मग बसणं

उजव्या खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. आधी बिनचाकी वॉकर होता, मग चार चाकांचा, मुठींशी ब्रेक आणि मध्ये बसायला सीट असलेला आला, ज्याला रोलेटर म्हणतात. त्याला आता चार वर्षं झाली. या चार वर्षांत मी दोनदा पडले आणि दोन्ही वेळा मी चालत नव्हते. एकदा बसताना पडले, एकदा वळताना. म्हणून चालण्याबद्दल थोडं आणि बसण्या-वळण्याबद्दल जास्त लिहिते.

बसतानाचं आधी सांगते. बाहेरून दमून आले होते. डावा ब्रेक खाली दाबला, टक् असा आवाज आला. उजवाही दाबला, पण तो अर्धाच गेला होता. सीटवर टेकले मात्र, वॉकर जागच्या जागी गर्रकन फिरला आणि मी जमिनीवर. हाड वाचलं. पण पुढचे कित्येक दिवस कुणाचा हात धरल्याशिवाय उठायचा धीर होत नव्हता.

ब्रेकचा दांडा दोन कामं करतो आणि त्यांची गल्लत करू नका. मुठीकडे वर ओढला की चाक आवळलं जातं आणि सोडला की सुटतं, अगदी सायकलसारखं. हे चालताना वेग आवरण्यासाठी. तोच दांडा खाली ढकलला की अडकून बसतो आणि आपण वर उचलेपर्यंत चाक धरून ठेवतो. हे बसण्या-उठण्यासाठी. मी आता दोन टक् ऐकते आणि तरीही वॉकर एकदा पुढे ढकलून पाहते. जागचा हलला नाही तरच बसते.

बसायचं असेल तेव्हा वॉकर शक्यतो भिंतीला टेकवून उभा करा. दोन्ही ब्रेक अडकवा. मग एका वेळी एकच हात सोडत, छोटी छोटी पावलं टाकत वळा. सीटची कड पायांना मागून लागेपर्यंत मागे या. दोन्ही हात मुठींवर ठेवून हळूहळू खाली बसा. अंदाजाने धपकन बसायचं नाही. उठतानाही ब्रेक अडकलेलेच हवेत.

खुर्चीवरून किंवा पलंगावरून उठताना मात्र वॉकर धरून स्वतःला वर ओढू नका, तो अंगावर येतो. वॉकर समोर ब्रेक लावून ठेवा, हात खुर्चीच्या हातांवर किंवा गादीवर रेटून उठा, नीट उभं राहा आणि मग मुठी धरा. उठल्यावर लगेच निघू नका. चक्कर येते का, हे क्षणभर थांबून पाहा.

वळतानाची चूक अशी झाली की पाठीमागे टेबलावर फोन वाजला आणि मी वॉकर तिथेच ठेवून कमरेतून वळले. पाय जागेवर, धड मागे. आता फोन कितीही वाजू दे, आधी वॉकर वळतो, मग मी. मोठा गोल घेऊन, पाय उचलत, दोन्ही मागच्या चाकांच्या मधोमध राहून. फोनही आता गळ्यातल्या छोट्या पिशवीत असतो.

चालताना सांभाळायचं ते हेच, चाकांच्या मधोमध राहणं. वॉकर पुढे आणि आपण मागे राहून, पुढे वाकून, हात लांबवून चालत असलो, तर एखादा खडा आडवा आला तरी तोल जातो. नजर पायांवर नको, चार-पाच पावलं पुढे हवी. मागून सुटणाऱ्या चपला नकोत आणि पायात येणारे पायघोळ कपडेही नकोत.

वाकून चालण्याचं कारण बऱ्याचदा उंची असते. रोजच्या पायताणात सरळ उभे राहा, हात सैल सोडा. मूठ मनगटाच्या घडीच्या पातळीला यायला हवी, म्हणजे ती धरल्यावर कोपर किंचित वाकतं. हे माप दुसऱ्याकडून घ्या, कारण आपण बघायला वाकलो की मापच चुकतं. दोन्ही मुठींचे दांडे सारख्याच उंचीच्या भोकात बसवलेत ना, तेही पाहा. माझी मूठ पहिले काही महिने उंच होती आणि खांदेदुखीला मी वयाचा दोष देत बसले होते.

उतारावर ब्रेक हलके आवळत छोटी पावलं टाका, वॉकर अंगाजवळ ठेवा. उंबरा किंवा फुटपाथची कड असेल तर सरळ समोरून जा, तिरकं नको. चढताना आधी पुढची चाकं वर टेकवा, मग मागची. काही वॉकरना मागच्या चाकाशी पायाने दाबायची छोटी पट्टी असते, ती यासाठीच. कड उंच वाटली तर कुणाला तरी हाक मारा, मी मारते. जिन्यावर हा वॉकर चालत नाही, तिथे कठडा आणि माणूस. ओल्या बाथरूममध्येही भिंतीतला पक्का दांडाच हवा.

पिशव्या मुठींना अडकवू नका, वॉकर उलटतो. सामान सीटखालच्या टोपलीत ठेवा, तेही हलकं. आणि तुम्ही सीटवर बसलेले असताना कुणाला ढकलू देऊ नका. माझा नातू प्रेमाने ढकलायला धावायचा. त्याला समजावलं की ही व्हीलचेअर नाही, माझे पाय जमिनीवर घासतात, चाक अडतं आणि मी पुढे फेकली जाईन.

हा वॉकर सगळ्यांसाठी नाही, हेही नीट समजून घ्या. ज्यांना हातांवर बराच भार टाकून चालावं लागतं, त्यांच्या हाताखालून तो पुढे निसटतो. पार्किन्सनच्या आजारात पावलं आपोआप भरभर पडू लागतात, तिथेही साधा रोलेटर धोक्याचा ठरू शकतो. घेण्याआधी फिजिओथेरपिस्टला चालून दाखवा. रोलेटर १९७८ मध्ये स्वीडनच्या आइना विफाल्क यांनी तयार केला आणि त्यांना स्वतःला पोलिओ झालेला होता. टेकायला सीट हवी, हातात ब्रेक हवा, हे ज्याला चालताना त्रास होतो त्यालाच कळतं, असं मला फार वाटतं.

दर रविवारी मी चाकं तपासायला लावते. आसाभोवती केस आणि दोरे इतके घट्ट गुंडाळलेले निघतात की कात्रीने कापावे लागतात. चाक अडखळतं ते यानेच. मग स्क्रू, मुठींचं रबर आणि शेवटी ब्रेकची तार. ब्रेक अडकवूनही चाक सरकत असेल तर तार सैल झाली आहे. ती घट्ट करून घेईपर्यंत मी त्या सीटवर बसत नाही.