धावा मोजता, मग षटकं कोण मोजणार? कसोटी कप्तानांच्या नेहमीच्या चुका

तीन-चार दिवसांच्या सामन्यांत मी बरीच वर्षं कप्तानी केली. आता कप्तानी शिकणाऱ्या पोरांसोबत सीमारेषेबाहेर बसतो, आणि कसोटी चालू असेल तर पहिल्या चेंडूपासून बघतो. पोरं दर मोसमाला बदलतात, चुका मात्र त्याच. वाईट याचं वाटतं की मोठमोठ्या कप्तानांकडूनही त्याच होतात, आणि मग सगळी चर्चा ‘कप्तान आक्रमक हवा की सावध’ यावर येऊन अडकते. जणू हा स्वभावाचा प्रश्न आहे. मला तो हिशेबाचा प्रश्न वाटतो. षटकं किती उरलीत, गोलंदाजांच्या पायात दम किती आहे, चेंडू किती जुना झालाय, खेळपट्टी अजून किती तुटणार आहे. हे चार आकडे डोक्यात नसतील तर आक्रमकपणा हा नुसता आव असतो आणि सावधपणा ही नुसती भीती.

डाव घोषित करताना फक्त धावा मोजणं

डाव घोषित करणं म्हणजे विकेट हातात असताना आपणहून फलंदाजी थांबवणं. ही माझी सगळ्यात जुनी तक्रार आहे, कारण ही चूक मी स्वतः केली आहे.

तीन दिवसांचा सामना होता. शेवटच्या दिवशी उपाहाराला आमची आघाडी २३१ आणि दिवसाची ६० षटकं बाकी. खेळपट्टीवर डावखुऱ्या फलंदाजाच्या ऑफ स्टंपबाहेर बुटांनी चांगलाच खड्डा पडला होता आणि आमच्याकडे त्यात चेंडू टाकणारा ऑफस्पिनर होता. समोरच्यांच्या पहिल्या सहांत तीन डावखुरे. उपाहारालाच डाव सोडायला हवा होता. पण आमचा चौथ्या क्रमांकाचा फलंदाज ८२ वर नाबाद होता. म्हटलं, अठरा धावा तर हव्यात, पाच-सहा षटकांत होतील, आघाडीही वाढेल. नव्वदीत गेल्यावर तो अडकला. समोरच्या कप्तानाने एका बाजूला पाच माणसं लावली आणि चेंडू रुंद टाकायला सांगितलं. अठरा धावांना तेरा षटकं लागली. वर डाव बदलण्यात दहा मिनिटं गेली. आमच्या हातात उरली ४५ षटकं.

दिवस संपला तेव्हा त्यांच्या नऊ विकेट पडल्या होत्या. शेवटचं षटक ऑफस्पिनरचं होतं. बॅटभोवती सहा जण होते, मी सिली पॉइंटला. अंधारून आलेलं. पाचवा चेंडू त्याच खड्ड्यात पडून उसळला, ग्लोव्हजला लागून माझ्या डोक्यावरून हातभर मागे पडला. वळून झेप घेतली तेव्हा चेंडू मातीला टेकला होता. अजून दोन षटकं मिळाली असती तर तो सामना आमचा होता, याबद्दल माझ्या मनात आजही शंका नाही. रात्री बॅगा आवरताना शतकवीर माझ्याजवळ आला आणि एवढंच म्हणाला, “मला निरोप तरी पाठवायचास. मी मारलं असतं.”

त्याचं बरोबर होतं. मी घोषणा उशिरा केली ही अर्धी चूक. माझ्या मनात काय चाललंय हे आत खेळणाऱ्याला कळवलंच नाही, ही उरलेली अर्धी.

म्हणून मुलतान २००४ चा विषय निघाला की मी द्रविडच्या बाजूने उभा राहतो. दुसऱ्या दिवशी ५ बाद ६७५ वर त्याने डाव घोषित केला तेव्हा सचिन १९४ वर नाबाद होता. आपल्यातले कित्येक लोक द्रविडवर आजही चिडलेले आहेत. निरोप कसा गेला, कधी गेला, यावर वाद घालता येईल. पण त्या संध्याकाळी दमलेल्या पाकिस्तानला खेळायला लावायचं होतं, आणि भारत एक डाव आणि ५२ धावांनी जिंकला. पाकिस्तानच्या भूमीवरचा तो आपला पहिला कसोटी विजय.

याच्या उलट टोक वेलिंग्टन २००९. भारत मालिकेत १-० ने पुढे, आणि धोनीने न्यूझीलंडपुढे ठेवलेलं लक्ष्य होतं ६१७. चौथ्या डावातल्या यशस्वी पाठलागाचा विक्रम तेव्हाही ४१८ होता, वेस्ट इंडीजचा, २००३ चा. म्हणजे विक्रमाच्या वर १९९ धावा. पाऊस आला, न्यूझीलंड ८ बाद २८१ वर सुटलं. त्या वरच्या दोनशे धावांचा उपयोग काय झाला? त्या धावांना लागलेली षटकं हातात असती तर दोन विकेट काढायला पुरली असती.

आता कुणी म्हणेल, वेस्ट इंडीजचा कप्तान सोबर्सचं काय? १९६८ साली पोर्ट ऑफ स्पेनला त्याने २ बाद ९२ वर डाव सोडला, इंग्लंडला १६५ मिनिटांत २१५ धावा दिल्या आणि इंग्लंडने त्या केल्या. मालिकाही तिथेच गेली. आणि त्याच मैदानावर १९७६ साली वेस्ट इंडीजच्याच लॉइडने भारताला ४०३ चं लक्ष्य दिलं, तर गावसकर १०२, विश्वनाथ ११२ आणि भारत ४ बाद ४०६. दोन्ही घोषणा फसल्या, पण मला त्या सारख्या वाटत नाहीत. सोबर्सने लक्ष्यच सोपं दिलं. लॉइडचं लक्ष्य भरपूर होतं. त्याचे तीन फिरकी गोलंदाज शेवटच्या दिवशी विकेट काढू शकले नाहीत. तेव्हा घोषणेआधी फळ्याकडे बघून झालं की आपल्या गोलंदाजांकडेही बघा.

माझी सवय सांगतो. प्रत्येक विश्रांतीच्या वेळी मी धावपत्रिकेच्या मागे तीन आकडे लिहितो: उरलेली षटकं, त्यातली माझे मुख्य दोन गोलंदाज टाकू शकतील ती, आणि समोरच्यांना षटकामागे लागणाऱ्या धावा. बऱ्या खेळपट्टीवर दहा विकेटला ९० षटकं लागतात असं धरतो. ९० उरली असतील आणि समोरच्यांना षटकामागे चार लागत असतील तर माझा डाव संपला, आत कुणी ९९ वर असो. आणि निरोप अर्धा तास आधी बाराव्या खेळाडूबरोबर जातो, धावांचा नाही, वेळेचा: ‘चहापानापर्यंत खेळायचंय, काय करायचं ते तोवर करून घे.’ पोरांना हे पाठ करायला सांगितलं की ती ‘किती धावांवर घोषित करायचं’ एवढंच विचारतात. असा एक आकडा नसतो, आणि तो मिळाला की विचार थांबतो. मला त्याचीच भीती वाटते.

एक चौकार गेला की तिथे माणूस

टीव्हीवर हे दिसलं की मी उठून उभा राहतो. गोलंदाजाने ऑफ स्टंपबाहेर आखूड टाकला, फलंदाजाने कट मारला, चार. लगेच तिसरी स्लिप निघून डीप पॉइंटला. पुढच्या चेंडूला कड लागली, झेल तिसऱ्या स्लिपच्या जागेतून सीमेपार. मग तिथे थर्ड मॅन. पंधरा षटकांत सहा माणसं सीमेवर, समोरचा एकेक धाव घेत दोन तास निवांत खेळतो, आणि कप्तान म्हणतो, आम्ही दडपण ठेवलं होतं.

चौकार वाईट चेंडूवर गेला तर माणूस हलवायचा नाही, गोलंदाजाशी बोलायचं. चांगल्या चेंडूवर गेला तरी त्याच फलंदाजाने तोच फटका पुन्हा मारेपर्यंत थांबायचं. मी पोरांना सांगतो, चौकारानंतर सहा चेंडू हात खिशात घाला. ज्यांना हे सहा चेंडू धीर धरवत नाही, त्यांना पाच दिवसांचं क्रिकेट कसं पेलणार?

याचंच वाईट रूप शेवटच्या जोडीपुढे दिसतं. जमलेल्या फलंदाजाला सगळे सीमेवर ठेवून एक धाव द्यायची आणि अकराव्याला गाठायचं. विचार म्हणून ठीक आहे. पण जमलेल्याला षटकातले पहिले चार चेंडू फुकट दिले, त्याला बाद करायचा विचारच सोडून दिला, तर तो त्या चारांत सामना नेतो. हेडिंग्ली २०१९ आठवा. इंग्लंडची नववी विकेट पडली तेव्हा अजून ७३ धावा हव्या होत्या. स्टोक्स नाबाद १३५. त्या ७६ धावांच्या अखंड भागीदारीत जॅक लीचची धाव एक. ऑस्ट्रेलियाची माणसं सीमेवर होती आणि स्टोक्स त्यांच्या डोक्यावरून मारत होता. अशा वेळीही एक स्लिप आणि चांगल्या टप्प्यावर टाकणारा गोलंदाज मी सोडत नाही. त्याला बाद करायचा एक तरी रस्ता उघडा पाहिजे.

त्याच सामन्यात रिव्ह्यूचा, म्हणजे पंचांच्या निर्णयाविरुद्ध दाद मागण्याचा, धडाही आहे. लेग स्टंपबाहेर पडलेल्या चेंडूवर ऑस्ट्रेलियाचा कप्तान टिम पेनने लीचविरुद्ध शेवटचा रिव्ह्यू घालवला. पुढच्याच षटकात लायनचा चेंडू स्टोक्सच्या पॅडवर आदळला, पंचांनी नाबाद दिलं, आणि रिप्लेमध्ये तो स्टंपवर जाताना दिसला. मागायला काही उरलं नव्हतं. गोलंदाजाला कधी विचारू नका, त्याला प्रत्येक चेंडू स्टंपवरच दिसतो. कीपरला विचारा, आणि त्याने एक क्षण जरी विचार केला तरी सोडून द्या.

फॉलोऑन म्हणजे प्रतिष्ठा समजणं

फॉलोऑन म्हणजे पहिल्या डावात बराच मागे पडलेल्या संघाला लगेच पुन्हा फलंदाजी करायला लावणं. कोलकाता २००१ नंतर तो द्यायला सगळे घाबरू लागले. २७४ धावांची आघाडी, लक्ष्मण २८१, द्रविड १८०, चौथ्या दिवशी एकही विकेट नाही, सलग १६ कसोट्या जिंकलेला ऑस्ट्रेलिया हरला. पण स्टीव्ह वॉचा निर्णय त्या क्षणी चुकीचा होता असं मला वाटत नाही. समोर दोन माणसं आयुष्यातलं सर्वोत्तम खेळून गेली. फॉलोऑन देऊन हरलेले संघ आजवर फारच थोडे: सिडनी १८९४, हेडिंग्ली १९८१, कोलकाता, आणि वेलिंग्टन २०२३, जिथे इंग्लंड एका धावेने हरलं. त्या भीतीपोटी ओव्हल २००७ ला ३१९ ची आघाडी असताना भारत पुन्हा फलंदाजीला उतरला आणि सामना अनिर्णित राहिला. मालिका जिंकली हे खरं, पण २-० हातातून गेलं. माझा नियम सोपा: वेगवान गोलंदाजांचे बूट काढायला लावतो आणि पाय बघतो. तोंडाने ‘मी तयार आहे’ सगळेच म्हणतात.

नियम न वाचता उतरणं

किंग्स्टन, १९७१. पहिला दिवस पावसात वाहून गेला. भारत ३८७, त्यात सरदेसाईंच्या २१२. वेस्ट इंडीज २१७. आघाडी १७०, म्हणजे पाच दिवसांच्या सामन्यात फॉलोऑन नाही. पण पहिला दिवस गेल्याने सामना चार दिवसांचा धरला जात होता आणि फॉलोऑनला १५० पुरत होते. भारताचे कप्तान अजित वाडेकरांना हे माहीत होतं. ते स्वतः सोबर्सच्या ड्रेसिंग रूममध्ये गेले आणि पुन्हा फलंदाजी करायला सांगून आले. सामना अनिर्णित राहिला, पण पुढची पोर्ट ऑफ स्पेनची कसोटी भारताने जिंकली आणि मालिकाही. सावध म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वाडेकरांनी केलेली ही चाल मला कुठल्याही उत्तुंग षटकारापेक्षा आक्रमक वाटते. खेळण्याच्या अटी छापून मिळतात. वाचा.

बाकीच्या, थोडक्यात

नाणेफेकीला ‘पहिला तास अवघड असेल’ या भीतीने गोलंदाजी घेऊ नका: ब्रिस्बेन २००२ ला इंग्लंडच्या नासिर हुसेनने घेतली आणि दिवसअखेर ऑस्ट्रेलिया २ बाद ३६४. उलट ढग असताना फलंदाजीचा हट्टही नको, बंगळुरू २०२४ ला आपण ४६ ला संपलो.

८० षटकं झाली म्हणून नवा चेंडू घ्यायलाच हवा असं नाही. फिरकीवर विकेट पडत असतील तर जुनाच चालवा.

नाइट वॉचमन (दिवसअखेर मुख्य फलंदाजाऐवजी पाठवलेला तळाचा फलंदाज) पाठवणारच असाल तर त्याला आदल्या दिवशी नेटमध्ये वीस मिनिटं द्या.

इतरांची घोषणा उचलणं

एजबॅस्टन २०२३ ला इंग्लंडचा कप्तान स्टोक्सने पहिल्याच दिवशी ८ बाद ३९३ वर डाव सोडला, रूट ११८ वर नाबाद. ऑस्ट्रेलिया दोन गडी राखून जिंकला. मला ती घोषणा पटली नाही, रूट जमलेला होता आणि खेळपट्टी पाटा होती. पण त्या संघाने सामना अनिर्णित ठेवायचाच नाही असं आधीच ठरवलं होतं. पोरं ती घोषणा उचलतात आणि पराभव पचवायची तयारी मात्र उचलत नाहीत. उचलायचंच असेल तर कानपूर २०२४ उचला. पहिल्या दिवशी ३५ षटकं, पुढचे दोन दिवस एकही चेंडू नाही. मग भारताने ३४.४ षटकांत ९ बाद २८५ करून डाव सोडला आणि सात विकेटनी सामना जिंकला. वेळ नव्हता म्हणून धावांच्या वेगाने वेळ मिळवला.

आणि डोमिनिका २०११ विसरू नका. १५ षटकांत ८६ धावा हव्या, सात विकेट हातात, आणि भारताने हात मिळवून सामना थांबवला. पंधरा षटकांत सात विकेट जाऊन हरू, ही शक्यता कुणी कागदावर मांडली असती तर खेळ चालू राहिला असता.

सकाळी ठरवलं म्हणून दिवसभर तेच

सिडनी, जानेवारी २०२१, पाचवा दिवस. लक्ष्य ४०७. भारताचा कप्तान रहाणे स्वतः ४ धावांवर बाद होऊन दिवसाच्या दुसऱ्याच षटकात परत आला. अशा वेळी पोरांचे कप्तान ‘आता फक्त टिकायचं’ म्हणून सगळ्यात भिंतीसारखा माणूस पाठवतात. त्या दिवशी विहारीच्या आधी पंत गेला, कोपराला लागलेलं असतानाही. त्याने ९७ केल्या आणि तो खेळत होता तोवर ऑस्ट्रेलियाच्या कप्तानाला माणसं बॅटभोवती ठेवता येत नव्हती. पंत गेला, पुजारा गेला, विहारीच्या मांडीचा स्नायू दुखावला. तेव्हा जिंकण्याचा विचार सोडून दार लावून घेतलं. विहारी १६१ चेंडूंत २३, अश्विन १२८ चेंडूंत ३९, दोघेही नाबाद. एकाच दिवशी, एकाच संघाने, दोन्ही केलं. मी पोरांना तो दिवस पूर्ण दाखवतो, पंतच्या फटक्यांची क्लिप नाही.