बाथ केक करायचाय? आधी कुणाला द्यायचा ते ठरवा

बाथ म्हणजे आपल्या गोव्याचा रवा-नारळाचा केक. केक शिकवणारे व्हिडिओ ढिगाने आहेत आणि सगळे साहित्यापासनं सुरू होतात. मी उलटीकडनं सांगते. आधी एक कागद घ्या आणि त्यावर घरांची नावं लिहा. शेजारची आंटी, वरच्या मजल्यावरचं नवीन जोडपं, मुलांना शाळेत सोडणारा रिक्षावाला, बँकेत नेहमी मदत करणारी ती मुलगी, जे सुचेल ते. पाच-सहा नावं झाली की थांबा, पहिल्या खेपेला तेवढी पुरे.

नावं आधी लिहिली की निम्मे निर्णय आपोआप होतात. किती तुकडे लागणार, अंडं चालणार की नाही, कुणाला शुगर आहे म्हणून छोटा तुकडा, कुणाच्या घरात काजूची अ‍ॅलर्जी. पण माझ्या मते खरा फायदा वेगळाच आहे. नारळ खवणं हे तसं कंटाळवाणं काम, पण आंटीला कडेचा जरा जास्त भाजलेला तुकडाच आवडतो हे डोक्यात असलं की हात आपोआप चालतात आणि मजा तिथेच सुरू होते, ओव्हन लावायच्याही आधी. फक्त स्वतःसाठी केलेला केक कसा, पहिल्या दिवशी कौतुक, दुसऱ्या दिवशी फ्रिजमध्ये आणि मग रात्री कधीतरी आपणच उभ्याउभ्या संपवतो.

आपल्याकडे गोड वाटायची सवय नवी नाही. चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, नेवऱ्यांची (करंज्यांची) ताटं ख्रिस्ती शेजाऱ्यांकडे जातात, नाताळला तिकडनं कुस्वार, म्हणजे नाताळचा फराळ, येतं, लेकीच्या सासरी वजें, म्हणजे माहेरची गोडाधोडाची भेट, जातं, ते पुढे वाड्यावर, म्हणजे वस्तीत, वाटलं जातं. पण मला विचाराल तर सणाच्या ताटात प्रेमाबरोबर रीतही असते, आणि त्या आठवड्यात प्रत्येकाच्या घरी आधीच एवढं गोड असतं की तुमचा केक डब्यातच राहतो. जुलैतला एखादा साधा बुधवार बघा. बाहेर धोधो पाऊस, कुणाला कुठे जायचं नाही, मासळीपण महाग, आणि अशा वेळी कुणीतरी छत्री सांभाळत केकचा डबा घेऊन दारात येतं, त्या आनंदाला सणाचं ताट पोचत नाही.

कुठला पदार्थ? बेबिंकाचा, म्हणजे थराथरांच्या गोड केकचा, हट्ट नको. एकेक थर ओतायचा, तो वरच्या आचेवर भाजायचा, मग त्यावर पुढचा, पूर्वी झाकणावर निखारे ठेवून हे चालायचं आणि आख्खा दिवस त्यातच जायचा. २०२३ मध्ये गोव्याच्या बेबिंकाला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालाय, चांगल्या ठिकाणाहून विकत आणा आणि खुशाल खा. दोदोल, म्हणजे तो हलव्यासारखा पदार्थ, पण पहिल्यांदा नको, माडाचं काळं गूळ आणि नारळाचं दूध आटेपर्यंत सतत ढवळायला दोन माणसांचे दंड लागतात. सुरुवात बाथ केकने करा, रवा आणि नारळ. दोन्ही घरात असतंच, बिघडायला फार काही नाही आणि चव थेट आपल्या मातीतली.

एक दिवस आधी संध्याकाळी तयारी करायची. २५० ग्रॅम बारीक रवा घ्या, जाडा असेल तर मिक्सरमधून एकदा फिरवा. मध्यम नारळ अर्धा, फक्त पांढरा भाग खवून घ्यायचा, काळी साल आली की रंग मळकट होतो. खवलेला नारळ मिक्सरला दोन-तीन वेळाच फिरवा, जरा भरड राहिला पाहिजे, चटणी करू नका. आता २५० ग्रॅम साखर आणि साधारण १५० मिली पाणी पातेल्यात घालून साखर विरघळू द्या, तार वगैरे बघायची नाही, त्यात नारळ घालून दोन-तीन मिनिटं उकळा आणि गॅस बंद. मग १२५ ग्रॅम बटर, चिमूटभर मीठ (बटर खारं असेल तर नको) आणि रवा घालून ढवळा. गार झालं की झाकून रात्रभर फ्रिजमध्ये. ही रात्र चुकवू नका. रवा हळूहळू पाणी आणि नारळाचा रस पितो आणि फुगतो, घाई केली तर केक खाताना कचकच लागते. आणि फ्रिज का, तर आपल्या हवेत ओला नारळ बाहेर ठेवला की सकाळपर्यंत आंबूस वास येऊ शकतो.

सकाळी ते घट्ट गोळा झालेलं दिसेल, घाबरू नका, अर्धा-पाऊण तास बाहेर ठेवा. चार अंडी घ्या, पिवळं आणि पांढरं वेगळं करा. पिवळं त्या गोळ्यात घालून हाताने किंवा लाकडी डावाने मोकळं करा, वेलची पूड, एक छोटा चमचा बेकिंग पावडर. काहीजण गुलाबपाणी घालतात, मला एवढं आवडत नाही, तुमची मर्जी. पांढरं वेगळं फेटून फेस उभा राहिला की शेवटी हलक्या हाताने मिसळा, इथे घरात पोरं असतील तर त्यांना फेटायला द्या, हात दुखेपर्यंत करतात आणि नंतर अख्ख्या वाड्याला सांगत फिरतात की केक मी केला. ८ इंचाच्या डब्याला तूप लावा, तळाला केळीचं पान घातलंत तर वास अजून छान येतो. वर काट्याने चौकटी ओढा, जुन्या पद्धतीत मैद्याच्या पातळ पट्ट्यांची जाळी पण लावतात. ओव्हन आधी तापवलेला, १८० डिग्री, ४० ते ५० मिनिटं. वरचा रंग गडद सोनेरी हवा, मधे सुरी खुपसली तर कोरडी यावी.

ओव्हन नसेल तर जाड कढईत किंवा कुकरमध्ये तळाला मीठ पसरा, त्यावर स्टँड, कुकर असेल तर शिट्टी आणि रबर काढून ठेवा, १० मिनिटं तापवा आणि मग मंद आचेवर पाऊण ते एक तास. होतो छान, फक्त वर रंग येत नाही. पावसात लाईट कधी जाईल सांगता येत नाही, तेव्हा खरं तर हीच पद्धत बरी. ओळखीचा पोदेर (पाववाला) असेल आणि पाव काढून झाल्यावर भट्टी गरम असेल तर एकदा विचारून बघा, त्याच्यासाठी मात्र एक तुकडा यादीत लिहा!

वीस-पंचवीस मिनिटांनी वास सुटायला लागतो. भाजलेला नारळ, बटर, वेलची. ह्या वेळी मोबाईल घेऊन दुसऱ्या खोलीत जाऊ नका, स्वयंपाकघरातच बसा. वासाचा निरोप मेंदूत भावना आणि आठवणी सांभाळणाऱ्या भागांपर्यंत फार जवळच्या वाटेने पोचतो, बाकीच्या संवेदनांना जरा वळसा पडतो, म्हणून एखाद्या वासाने एकदम आजीचं घर, शाळेची सुट्टी, मे महिना असं काहीतरी समोर उभं राहतं. घरातली माणसं एकेक करून स्वयंपाकघरात डोकावायला लागतात, झालं काय, झालं काय. एरवी जेवायला हाका मारून मारून घसा कोरडा होतो, त्या मानाने हे बरंच की.

अंड्याचं काय ते यादीतच बघा. श्रावण, चवथीचे दिवस, कुणाचा सोमवार, कुणाचा गुरुवार, आपल्याकडे मासळी खाणाऱ्या घरांतही ह्या दिवशी अंडं चालत नाही. त्यांच्यासाठी वेगळा करायचा असेल तर अंड्यांऐवजी २०० मिली ताजं दही, लागेल तसं थोडं दूध, बेकिंग पावडर तेवढीच आणि पाव चमचा सोडा. हा कमी फुगतो, म्हणून पसरट ताटलीत पातळ थर लावा आणि वड्या पाडा. डबा आणि सुरी पण वेगळी ठेवा, आणि देताना स्वतःहून सांगा, "काकी, ह्यात अंडं नाही हां." त्यांना विचारायला लागू नये. तसंच ईस्टरच्या आधीचे ४० दिवस काही ख्रिस्ती घरांत गोड सोडलेलं असतं, तेव्हा आधी अंदाज घ्या.

केक पूर्ण गार झाल्याशिवाय कापू नका, रव्याचा आहे, चुरा होतो. शंकरपाळ्यासारखे तिरके तुकडे काढा, म्हणजे कुणाला मोठा कुणाला छोटा दिसत नाही. कडेचे तुकडे कड आवडणाऱ्यांना, ते तुम्हाला आता माहीत आहेतच.

द्यायची वेळ संध्याकाळी चहाच्या आसपास. डबा द्या, दोन शब्द बोला आणि निघा. समोर उभं राहून "खाऊन बघ ना, कसा झालाय" असं करू नका, बिचाऱ्यांना तोंडात घास असतानाच कौतुक करावं लागतं. "जरा कडक झालाय, साखर कमी पडलीय" हे पण नको. कळायचं ते त्यांना कळेल. फोटो स्टेटसला टाकायचे असतील तर वाटून झाल्यावर टाका, नाहीतर ज्याला मिळाला नाही तो पण बघतो.

आता एक महत्त्वाचं. ज्या घरात त्या वर्षी कुणी गेलंय त्यांच्याकडे सणाला गोड करत नाहीत, बऱ्याच ख्रिस्ती घरांतही दुःखाच्या वर्षी कुस्वार होत नाही. अशा घरी लोक जायला बिचकतात, काय बोलायचं कळत नाही. तिथे शेजाऱ्यांनीच गोड पोचवायची पद्धत आहे आणि ती फार शहाणी पद्धत आहे, कारण घरात लहान मुलं असतात आणि त्यांना चवथ किंवा नाताळ कळतोच. घट्ट झाकणाचा डबा न्या, गाजावाजा नको, मुलांच्या नावाने द्या. बसायला सांगितलं तर बसा. गेलेल्या माणसाचा विषय त्यांनी काढला तर ऐका, केकचा विषय तुम्ही काढू नका. अशा घरचा डबा परत मागायचा नाही, महिन्यांनी आला तरी चालेल.

डब्यावरनं आठवलं, वाटायला चांगले डबे काढू नका. ज्याचं झाकण हरवलं तर जीव हळहळेल असा डबा घरातच बरा. आपल्याकडे रिकामा डबा परत येत नाही, कुणी बिमलं (आंबट फळं) घालतं, कुणी चार आमसुलं, अंगणातली केळी, काहीच नसेल तर चिमूटभर साखर. ह्याचा हिशोब धरायचा नाही, पण काय आलं ते बघायला मजा येतेच, खोटं कशाला बोला.

तुमच्या यादीत लांबची नावं असतील, मुंबईला बहीण, जहाजावर किंवा गल्फमध्ये असलेला भाऊ, तर बाथ पाठवू नका. ओल्या नारळाचा केक पावसाळ्यात बाहेर दोन दिवस टिकला तरी खूप, फ्रिजमध्ये चार-पाच दिवस. लांबच्यासाठी त्याच रवा-नारळाची बोलिन्हा बिस्किटं करा, जास्त वेळ मंद भाजून खुटखुटीत, गार करून पत्र्याच्या डब्यात कागदाचे थर घालून भरा. पावसात हवा लागली तर मऊ पडतात, त्यांना सांगून ठेवा, पाच-सात मिनिटं पुन्हा ओव्हनमध्ये टाकली की परत कुरकुरीत होतात. आणि डब्यात वरच एक चिठ्ठी टाका, किती बिस्किटं कुणाची ते लिहून, नाहीतर पहिला डबा उघडणाराच सगळी संपवतो.