पैसा आहे पण सुख लागत नाही, मग काय करायचं?

आधीच सांगतो, पैसा म्हणजे माया वगैरे प्रवचन इथे मिळणार नाही. भाडं थकलंय, हप्ता बाऊन्स झालाय, औषधं आणायचीत, अशा वेळी पैसाच लागतो आणि तो आला की जीव खरंच हलका होतो. घोळ त्याच्या पुढे होतो, गरजा भागल्या तरी आपण पैशाचंच औषध घेत राहतो.

मन सवय लावून घेतं हो. नवा फोन घेतला की पहिला आठवडा तो शर्टाच्या टोकाने पुसत बसायचं आणि थोड्या महिन्यांनी तोच सोफ्यावर भिरकावायचा, कोपऱ्याला तडा कधी गेला तेही आठवत नाही. १९७८ साली अमेरिकेत ब्रिकमन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने आणि सहकाऱ्यांनी लॉटरी लागलेल्यांची न लागलेल्यांशी तुलना केली, तर लॉटरीवाले काही फार जास्त सुखी निघाले नाहीत, उलट मित्राशी गप्पा, एखादा जोक, टीव्ही असल्या साध्या गोष्टींतली मजा त्यांना कमी वाटत होती. अभ्यास छोटा होता, विजेते २२च, त्यामुळे यावरच सगळं बेतू नका. २०२३ साली काहनेमन, किलिंग्जवर्थ आणि मेलर्स या संशोधकांनी मिळून दाखवलं की बहुतेकांचा आनंद कमाईसोबत वाढतच जातो, पण जे मुळात फार दुःखी आहेत त्यांचा एका टप्प्यानंतर वाढायचा थांबतो. मला हे जास्त पटतं.

म्हणून मोठा खर्च करायच्या आधी स्वतःला विचारायचं, नेमकं खुपतंय काय? रोज प्रवासात हाडं खिळखिळी होत असतील तर गाडी घ्या बिनधास्त, फरक पडेल. पण घरात कोणी धड बोलत नाही म्हणून मोठं घर घेत असाल तर थांबा, तिथे फक्त न बोलायला खोल्या जास्त मिळतील.

दुसरं, थोडे पैसे दुसऱ्यावर खर्च करून बघा. २००८ च्या एका प्रयोगात लोकांना सकाळी ५ किंवा २० डॉलर दिले, काहींना सांगितलं स्वतःवर उडवा, काहींना दुसऱ्यासाठी, आणि संध्याकाळी दुसऱ्यांसाठी खर्च केलेले जास्त खूश होते, रक्कम कितीची याने विशेष फरकच पडला नाही. मात्र हे करताना हिशोब ठेवायचा नाही, "मी तुझ्यासाठी एवढं केलं" हे वाक्य तोंडातून गेलं की संपलं.

आता प्रेमाचं, जे जास्त अवघड आहे. इस्रायलमध्ये हायफाच्या पाळणाघरांत मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांना दंड लावला, तर उशीर कमी व्हायच्या ऐवजी जवळजवळ दुप्पट झाला आणि दंड काढल्यावरही खाली आला नाही. आधी ताई थांबल्यात म्हणून जीवाला लागायचं, नंतर काय, पैसे भरले की झालं! घरात आपण हेच करतो, मुलाच्या कार्यक्रमाला जमलं नाही की महागडं गिफ्ट. त्यापेक्षा सॉरी म्हणा, पुढची तारीख विचारा आणि तिथे जाऊन शेवटपर्यंत बसा, फोन खिशात ठेवून.

आणि सगळ्यात महत्त्वाचं माझ्या मते, मदत मागत जा. हातात पैसा आला की माणूस कोणाला काही मागेनासा होतो, सामान हलवायला माणसं भाड्याने, स्टेशनवरून यायला टॅक्सी, बरं नसलं तर नर्स. सोयीचं आहे, पण मग लोकांना तुमच्याकडे यायला कारणच उरत नाही. टॅक्सी परवडत असली तरी एखाद्या वेळी मित्रालाच सांगा घ्यायला ये म्हणून, तो दहा शिव्या घालेल पण येईल, आणि गाडीत जे बोलणं होईल ते ठरवून भेटल्यावर होत नाही. पुढच्या वेळी त्याने बोलावलं तर तुम्हीही जायचं, ड्रायव्हर पाठवायचा नाही. जो नुसत्या पार्ट्यांना हजर असतो त्यालाही एकदा असं सांगून बघा, काय ते लगेच कळेल.