घरातल्या वयस्कर माणसाच्या गोळ्या कशा तपासून घ्याव्यात

इंदूरला, रामबागेतल्या आमच्या घरी, आईच्या उशाशी मिठाईचा जुना डबा असायचा. त्यात अकरा प्रकारच्या गोळ्या. बीपीसाठी अ‍ॅम्लोडिपिन सुरू झालं आणि तिचे घोटे सुजले. सुजेवर दुसऱ्या डॉक्टरांनी लघवी वाढवणारी गोळी दिली. त्यानं रात्रीचं उठणं वाढलं आणि एका पहाटे न्हाणीघराच्या दारात ती चक्कर येऊन पडली. मग चक्करेची गोळी आली! अ‍ॅम्लोडिपिननं पाय सुजू शकतात, हे कुणी सांगितलं नाही; आम्हीही विचारलं नाही.

आधी एका दुपारी सगळा डबा चादरीवर ओता. कपाटातलं चूर्ण, डोळ्यांचे थेंब, मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेल्या गोळ्यासुद्धा मांडा. पाकिटावरचं मोठं नाव सोडा, त्याखालचं बारीक अक्षरातलं औषधाचं नाव वाचा. आमच्याकडे मधुमेहाचं मेटफॉर्मिन दोन नावांनी निघालं. एक सरकारी दवाखान्यातलं, एक खासगी डॉक्टरांनी लिहिलेलं, आणि आई दोन्ही इमानानं घेत होती.

मग वहीत लिहा: औषध किती मिलिग्रॅम, केव्हा घ्यायचं, कशासाठी, कुणी लिहिलं, कधीपासून. ‘कशासाठी’ला उत्तर नसेल तिथे लाल खूण करा. शेजारी तक्रारी लिहा, त्या सुरू झाल्याच्या तारखांसह. चक्कर, विसराळूपणा, बद्धकोष्ठ यांना ‘वय झालं’ म्हणण्याआधी त्या सुमारास कोणती गोळी सुरू झाली ते पाहा. माझ्या मते सगळ्यात मोलाची पायरी हीच.

आता वही आणि पिशवीभर औषधं घेऊन एकाच फिजिशियनकडे जा. वेळ मागून घ्या. हे विचाराच:

– ही गोळी अजून लागते का? डोस कमी होईल का?
– मूत्रपिंडाच्या ताकदीप्रमाणे डोस बरोबर आहे का? (बारीक अंगाच्या म्हाताऱ्या माणसात मूत्रपिंडासाठीच्या रक्ततपासणीतलं क्रिएटिनिन नॉर्मल दिसूनही मूत्रपिंड मंदावलेलं असू शकतं.)
– उभं राहिल्यावर बीपी उतरतं का?

काही औषधांबद्दल मुद्दाम विचारा. डायक्लोफेनॅकसारखी अंगदुखीची गोळी बीपीच्या आणि लघवीच्या गोळ्यांसोबत मूत्रपिंडाला इजा करू शकते. झोपेसाठी, घबराटीसाठी दिलेल्या अल्प्राझोलामनं तोल जाऊ शकतो. सर्दीच्या गोळीतलं क्लोरफेनिरामिन भ्रम आणू शकतं, प्रोस्टेटवाल्यांची लघवी अडवू शकतं. मधुमेहाच्या ग्लिबेनक्लामाइडनं रक्तातली साखर फार खाली जाऊ शकते. डॉ. मार्क बीअर्स यांनी १९९१ साली अमेरिकेत वृद्धांसाठी जोखमीच्या औषधांची यादी केली. २०२३ मध्ये ती पुन्हा सुधारली गेली.

स्वतःच्या मनानं मात्र काही बंद करू नका. झोपेच्या, स्टेरॉइडच्या आणि हृदयाच्या काही गोळ्या एकदम तोडल्या तर जिवावर बेतू शकतं. डॉक्टर बहुधा एकेक करून, हळूहळू कमी करतात.

थायरॉइडची गोळी उपाशीपोटी पाण्याबरोबर द्या. चहा-पोहे अर्ध्या-एक तासानं, कॅल्शियम चार तासांनी.

आईची बीपीची गोळी डॉक्टरांनी बदलली, सूज उतरली, मग त्या मागच्या दोन्ही गोळ्याही त्यांनी थांबवल्या. वहीची एक प्रत आता तिच्या बटव्यात असते, एक फ्रीजवर.